बॅटरीला दोष देण्यापूर्वी

ब्रिटनमध्ये हौशी मंडळी हलक्या मोटारीत मोटारसायकलचे इंजिन बसवितात. अशी गाडी रात्री वाटेत बंद पडली, की खापर बॅटरीवर फुटते. नवी घातली, तरी चार दिवसांनी तेच! म्हणून आधी मीटर लावावा. दिवे-पंखा बंद ठेवून इंजिन वेगात चालविले, की बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट दिसावेत. दिसले, पण दिवे-पंखा लावताच १२.५च्या खाली आले, तर भार जास्त आहे. मोटारसायकलच्या अल्टरनेटरची मिळकत बेताचीच. मुळीच दिसले नाहीत, तर इंजिन थांबवून अल्टरनेटरच्या तीन तारा सोडवाव्यात आणि पुन्हा चालवून दोन-दोन तारांमधील एसी व्होल्टेज पाहावे. तिन्ही मापे सारखी व भरपूर आली, तर दोष बहुधा पुढे, रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये किंवा जोडणीत. एखादे कमी भरले, तर गुंडाळीत बिघाड. आधी व्होल्ट मोजावेत, मग पैसे!