बर्फाखालचे पाणी



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या दारात आणि वाचनालयात झाले. तेव्हा हिमनदीवर आम्ही बोलावे हे धाडसच. पण मरोळच्या कामगाराला हा विषय परका नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

जड यंत्र कोरड्या फरशीवर हलता हलत नाही. खाली पाणी सांडले की सरकते. हिमनदीचेही तसेच. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो, पाणी भेगांतून तळाशी जाते. तेथे ते कोंडले की त्याचा दाब बर्फाला किंचित उचलून धरतो, खडकाची पकड सुटते आणि बर्फ वेगाने घसरतो. ग्रीनलंडमधली अशी मोजणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तेव्हा साहजिकच भीती वाटली, की जग तापेल तसा हा बर्फ समुद्राकडे धावत सुटेल.

परंतु २६ जुलै २००५ आठवा. मिठीने आपल्याला शिकविले, की वाट अरुंद तर पाणी चढते. वाट मोकळी तर उतरते. बर्फाखालचे पाणी वाहता वाहता बर्फ वितळवून आपली वाट स्वतःच रुंद करते. मग दाब उतरतो, चाल मंदावते. पश्चिम ग्रीनलंडच्या जमिनीवर संपणाऱ्या भागात पाणी वाढूनही बर्फाची वर्षाची चाल कमी झाली, हे २०१५ साली दिसून आले.

हिमालयातल्याही बहुतेक हिमनद्या २००० नंतर मंदावल्या आहेत. तेथे मुख्य कारण वेगळे: बर्फाचा थरच पातळ झाला. उपाशी माणूस हळू चालतो, म्हणून त्याची प्रकृती सुधारली असे कोणी म्हणेल काय?

आपल्या शेजारी गोव्यात, वास्को येथे, ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्याने २०१६ साली स्पितीत साडेतेरा हजार फुटांवर ‘हिमांश’ हे ठाणे उभारले. तेथे हिमनद्यांचे मोजमाप चालते.

हे मोजमाप कोणासाठी? ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत बर्फासह डोंगराचा कडा कोसळला. त्याचे कारण तळाचे पाणी नव्हते. पण लोंढ्यात दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली, आणि त्यांत जलविद्युत प्रकल्पांवर राबणारे मजूर फार होते. म्हणून आमची मागणी साधी आहे. डोंगरावर मोजलेला आकडा कपाटात राहू नये. बोगद्यात उतरणाऱ्या मजुराच्या कानी इशारा होऊन वेळेवर पोचावा.