चादर पांघरतो, विणणारा कोण?
(दहावी १९९७च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला 'लंडनमधले अनुभव' असा विषय दिला आहे. तिथली थंडी आणि पाऊस तुम्ही सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहून झाला आहे, त्यामुळे ते सोडून देते. तिथल्या एका बक्षीस समारंभाबद्दल बोलते आणि मग लगेच आपल्या पूर्वभागात येते.

सहा वर्षं मी ज्या कामावर होते त्यात महागड्या वस्तूंच्या दुकानांसाठी मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. त्या धंद्यात वॉलपोल या संस्थेला फार मान. ब्रिटनमधल्या अडीचशेहून अधिक उंची ब्रँडची ही संघटना. दर वर्षी ती पुरस्कार जाहीर करते, आणि त्यात ब्रिटनमध्येच बनवलेल्या मालाचाही वेगळा गौरव असतो. त्या यादीकडे आमच्या ग्राहकांच्या ऑफिसातली माणसं अशी डोळे लावून बसायची, जशी आपण दहावीच्या निकालाकडे बसलो होतो. सूट-बूट, जेवण, फोटो, सगळा थाट. त्या थाटाचं मला फारसं कौतुक नाही. पण एका गोष्टीने मी विचारात पडले. तिथे मानाला चढलेल्या मालात स्कॉटलंडच्या गिरण्यांत यंत्रावर विणलेल्या शालीही असतात. यंत्रावर विणली म्हणून शाल कमी दर्जाची, असं तिथे कुणी म्हणत नाही. माल कसा आहे आणि तो कुठे झाला, एवढंच विचारतात.

आता आपल्याकडे बघा. विणकरांसाठी आपल्या देशात मोठे पुरस्कार आहेत. संत कबीर पुरस्कार आहे, राष्ट्रीय हातमाग पुरस्कार आहे. १९०५ साली ७ ऑगस्टला कोलकात्यात स्वदेशी चळवळीची घोषणा झाली, म्हणून २०१५पासून तो दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून साजरा होतो. हे सगळं योग्यच आहे. पण ते आहे हातमागासाठी. सोलापूरची चादर होते यंत्रमागावर. म्हणजे आपला विणकर कारागीर म्हणून बसत नाही, कारण त्याच्यापुढे मोटर आहे. आणि उद्योजक म्हणूनही बसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या कारखान्यात पाळीवर उभा असतो. दोन्ही याद्यांच्या मधल्या फटीत तो राहिला आहे.

आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील याच फटीतले होते. आया घरी विड्या वळायच्या नाहीतर कांड्या भरायच्या. साखर पेठेतून शाळेत येताना खटखट ऐकू यायची, आणि ती बंद असली की आज लाईट गेली किंवा संप आहे हे कळायचं. पण त्या खटखटीत डोकं किती लागतं हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर समजलं, तेही पुस्तकातून!

सोलापुरी चादरीवरचं नक्षीकाम जॅकार्डवर होतं. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली ही युक्ती पक्की केली. पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडायची. जिथे भोक, तिथला उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला खाली राहतो. मधून धोटा जातो आणि नक्षीची एक ओळ तयार होते. मग पुढचं कार्ड. म्हणजे हो किंवा नाही, एक किंवा शून्य. याच तंत्राने जॅकार्डचं रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली होती. चार्ल्स बॅबेजने ते चित्र स्वतःजवळ ठेवलं होतं, आणि आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी त्याने हीच भोकांची कार्डं घेतली. माझ्या धंद्याचा खापरपणजोबा म्हणजे हा माग. मयूरपंखी नक्षी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून उतरवणारा आणि त्यावरून कार्डं पंच करणारा माणूस प्रोग्रामरच. त्याला तसं कुणी म्हटलं नाही आणि पगारही तसा दिला नाही.

नावाचा प्रश्न त्याहून अवघड. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ही महाराष्ट्रात अगदी सुरुवातीला भौगोलिक मानांकन मिळालेली उत्पादनं. वीस वर्षं होऊन गेली. तरी मुंबई-पुण्याच्या फूटपाथवर बाहेरगावचा माल 'सोलापुरी' म्हणून सर्रास विकला जातो. स्कॉटलंडच्या बेटांवर हॅरिस ट्वीड नावाचं लोकरी कापड विणतात. त्यासाठी ब्रिटिश संसदेने १९९३ साली स्वतंत्र कायदा केला. कापड तपासून झाल्याशिवाय त्यावर शिक्का बसत नाही, आणि शिक्का नसेल तर ते हॅरिस ट्वीड नाही. कागद आपल्याकडेही आहे. शिक्का मारणारा आणि तो शिक्का मागणारा, हे दोघे आपल्याकडे कमी पडतात. मागणारे म्हणजे आपणच.

कुणी मागितलं की फरक पडतो. कोल्हापुरी चपलेचं २०१९चं मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे आणि त्यात आपला सोलापूर जिल्हाही आहे. जून २०२५मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपल्याकडून ओरड झाली, तेव्हा मूळ कुठलं ते त्यांनी मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर २,००० जोड बनवण्याचं जाहीर झालं, किंमत साधारण ८०० युरो. त्यातलं कारागिराच्या हातात किती पडेल, ते पुढे बघायचं. पण ओरड केली नसती तर एवढंही झालं नसतं.

आता थोड्या वेळाने आपण सरांना आणि बाईंना चादर आणि श्रीफळ देणार आहोत. दर मेळाव्याला देतो. चादर कुणी विणली हे एकदाही सांगितलेलं नाही. म्हणून मी समितीकडे एक मागणी केली आहे आणि ती इथे सगळ्यांसमोर मांडते. पुढच्या वर्षीपासून आपल्या तुकडीने एक पुरस्कार द्यायचा. कारखान्याच्या मालकाला नाही. कार्ड पंच करणाऱ्याला, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला, नाहीतर कांड्या भरणाऱ्या बाईला. हात की यंत्र, हे विचारायचं नाही. निवड माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांनी करू नये. ज्यांचं आयुष्य मागावर गेलं असे वडीलधारे आपल्या वर्गमित्रांच्या घरी अजून आहेत, त्यांनी करावी. रोख रक्कम असावी, नुसती ट्रॉफी नको. आणि पुढच्या वर्षी सरांच्या खांद्यावर जी चादर पडेल, तिच्यावर मानांकनाचं लेबल असावं आणि ती विणणाऱ्याचं नाव माईकवरून सांगितलं जावं.

पहिल्या वर्षाची रक्कम मी देते. दुसऱ्या वर्षापासून वर्गणी काढू. नावं सुचवण्यासाठी दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी त्यात लिहा, जेवणानंतर कुणी लिहीत नाही हे शाळेपासूनचं आपलं रेकॉर्ड आहे.