हुंडणावळीचा दर आणि आपला माग
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



हुंडणावळ हा पेढ्यांचा विषय. भिवंडीच्या यंत्रमागाशी त्याचा संबंध काय, असे पुष्कळांना वाटते. मला तो फार निकटचा वाटतो.

१९२७ साली इंग्रज सरकारने कायद्याने रुपयाचा दर अठरा पेन्स ठरविला. मुंबईचे गिरणीमालक आणि सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास सोळा पेन्सांचा आग्रह धरून होते. दोन पेन्सांसाठी एवढा वाद का? सोळा पेन्सांच्या दराने पौंडास १५ रुपये पडत. अठराच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे लँकेशायरचे एक पौंडाचे कापड आपल्या बंदरात १ रुपया १० आणे ८ पैंनी स्वस्त! त्याच्याशी सामना करावयाचा मुंबईच्या गिरण्यांनी. शिवाय परदेशी विकलेल्या मालाचे रुपयेही त्याच प्रमाणात घटले.

यावरून, रुपया स्वस्त केला की माग धडधडू लागतील, असे मानण्याचा मोह होतो. ६ जून १९६६ रोजी ते करून पाहिले गेले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत, ते साडेसात रुपये झाले. पण १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षे अवर्षणाची. शेतातच पीक नाही, तर निर्यात कशाची करणार? त्यातच निर्यातीच्या सवलती काढून घेतल्या गेल्या आणि ताग, चहा अशा मालावर निर्यातकर बसला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने बरेचसे परत नेले.

आता आपल्या घरचे पाहू. कृत्रिम धागा देशात बनला तरी त्याच्या रसायनांचे भाव डॉलरच्या मागोमाग चालतात. रुपया घसरला की धागा लगेच चढतो. कापडाचा भाव मात्र गिऱ्हाईक मान्य करील तेव्हा. मधल्या काळाची झळ कारखानदार सोसतो. मजुरीवर विणणाऱ्याचे सूत व्यापाऱ्याचे असते. त्याला भाववाढ थेट बाधत नाही, पण काम कमी झाले की त्याचा माग प्रथम बंद पडतो. परदेशी कापड महाग होते, हा लाभ खरा. निर्यातदारासही चार पैसे जास्त मिळतात. मात्र आपल्यांत निर्यातदार कितीसे?

परदेशी बिनधोट्याचा माग कर्ज काढून घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांस माझे सांगणे आहे. किंमत डॉलरमध्ये असेल, तर पैसे भरण्याच्या दिवसाचा दर आगाऊ बांधून मिळतो का, हे बँकेत विचारावे. मगच सही करावी. कागद घेऊन संघाच्या कचेरीत यावे. हिशेब मांडून देण्यास मी दर रविवारी सकाळी तेथे बसतो.