बसलं म्हणजे चाललं असं नाही



या व्यासपीठावर एरवी संतसाहित्य ऐकायला मिळतं, अर्थसंकल्प ऐकायला मिळतो. आजचा विषय कॉम्प्युटरचे सुटे भाग, आणि तेही खिसा सांभाळून घ्यायचे. त्याला निमित्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे मोफत अपडेट थांबवले आणि घरोघरचे जुने डेस्कटॉप एकदम अडचणीत आले. विंडोज ११ला इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. मग सातव्या पिढीचं मशीन असलेला माणूस हिशेब मांडतो : माझ्या बोर्डाचं सॉकेट एलजीए ११५१, आठव्या पिढीचं सॉकेटही एलजीए ११५१. जुना आय५ काढायचा, सेकंडहँड नवा टाकायचा, झालं काम.

होत नाही. प्रोसेसर अलगद बसतो, वरची पट्टी लागते, आणि स्क्रीन काळी ती काळीच. २०१७मध्ये आठवी पिढी आणताना इंटेलने पिनांची संख्या तीच ठेवली, पण आधी रिकाम्या असलेल्या काही पिनांमधून वीज दिली. १०० आणि २०० मालिकेच्या जुन्या चिपसेटवर हा प्रोसेसर चालवायची सोयच ठेवली नाही. ३०० मालिकेचा नवा बोर्ड घ्या, हा एकच अधिकृत रस्ता. हौशी लोकांनी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, फेरफार करून, पिनांवर टेप चिकटवून हे जमवून दाखवलंय. पण ते हौसेचं काम झालं, मुलीच्या अभ्यासाच्या मशीनवर करायचं नाही.

माझं आजचं सांगणं एवढंच, की स्वस्तातलं मशीन जोडताना पैसे बुडतात ते न बसणाऱ्या भागात नाही. तो काउंटरवरच कळतो आणि परत जातो. बुडवतो तो बसणारा पण न चालणारा, किंवा त्याहून वाईट, अर्धवट चालणारा भाग.

खरं तर दहा कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात हेच नवल आहे. आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये पीसी आणला तो घाईत. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, बाकीचंही बरंच बाजारात मिळणारं. त्याची तांत्रिक माहितीही आयबीएमने छापून विकली. हक्क राखला तो बायोसवर. कॉम्पॅक कंपनीने मग आयबीएमचा कोड न पाहिलेल्या माणसांकडून तसाच वागणारा बायोस नव्याने लिहून घेतला आणि १९८३मध्ये आपलं मशीन विकायला काढलं. पुढे १९९५मध्ये इंटेलने एटीएक्सची मापं ठरवली : बोर्ड केवढा, स्क्रूची भोकं कुठे, वीजपुरवठ्याचा प्लग कसा. त्यामुळे मापांबाबत आज फारसं भांडण उरलेलं नाही. उरलं आहे ते विजेचं आणि बायोसचं.

एक उदाहरण घेऊ. मुलगा यंदा इंजिनीअरिंगला जाणार, मॉनिटर धरून हाताशी पस्तीस-चाळीस हजार. काम म्हणजे कोडिंग, थोडं कॅड, आणि गेम्स, जे घरी कुणी सांगत नाही. अशा कामाला मी एएमडीचा रायझन ५ ५६००जी सुचवत आलोय. २०२१चा आहे, म्हणजे तरुण नव्हे. पण सहा कोअर, ६५ वॉट, कूलर खोक्यातच, आणि मुख्य म्हणजे ग्राफिक्स आतच. इथे दुकानदार म्हणतो, ‘सर, ५५०० घ्या ना, तेच आहे, स्वस्त पडेल.’ तेच नाही. ५५००मध्ये ग्राफिक्स नाही. इंटेलच्या बाजूला आय३-१२१०० आणि १२१००एफ यांच्यातही हाच फरक, तो शेवटच्या ‘एफ’मध्ये लपलेला. बोर्डाच्या पाठीला एचडीएमआय असतो, केबल छान बसते, मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. दोन हजार वाचवलेला माणूस मग दुसऱ्या दिवशी ग्राफिक्स कार्ड शोधत फिरतो.

आता बोर्ड. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६पासूनचं, आणि एकाच सॉकेटवर इतक्या पिढ्या चालवल्याबद्दल त्या कंपनीचे आभार मानावेत. पण बी४५० चिपसेटचा बोर्ड २०१८चा आणि हा प्रोसेसर त्याच्यानंतर तीन वर्षांनी आलेला. गोदामात पडून राहिलेल्या बोर्डात बायोसही तेव्हाचाच. प्रोसेसर बसतो, पंखा गरगर फिरतो, पुढे काही नाही. बायोस अपडेट करायला मशीन सुरू व्हायला हवं, आणि सुरू व्हायला अपडेट हवा! काही बोर्डांवर फ्लॅशबॅकचं बटण असतं, अशा बोर्डाला पेन ड्राइव्ह लावून प्रोसेसरशिवायच अपडेट करता येतो. नसेल तर दुकानदाराकडे जुना रायझन असतो, त्याच्याकडून आधीच करून घ्यावं. खोक्यावर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’ असा स्टिकर असेल तर प्रश्नच नाही. बोर्डावर पाचशे रुपये वाचवण्यापेक्षा हे बटण घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅमबद्दल थोडक्यात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही २८८ पिनांच्या, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. ही चूक निदान प्रामाणिक. एएम४ला फक्त डीडीआर४, एएम५ला फक्त डीडीआर५, आणि इंटेलच्या एलजीए १७००वर जसा बोर्ड तशी रॅम. खरा घोटाळा संख्येचा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून १६ जीबीची एक स्टिक आणि ८च्या दोन यांत गेम्समध्ये फरक डोळ्यांना दिसतो. दोन चॅनेल मिळतात म्हणून. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या. एआयच्या सर्व्हरकडे मेमरी वळल्यामुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव दुपटीच्याही वर गेले, हे मला माहीत आहे. परवडत नसेल तर आज आठची एक घ्या आणि पुढे त्याच मॉडेलची दुसरी. मुलाला मात्र तोवर गेम अडखळेल हे सांगून ठेवा.

आणि आता एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, ज्याच्याबद्दल मी घसा कोरडा होईपर्यंत बोलू शकतो. आपल्याकडे कॅबिनेटसोबत तो ‘फ्री’ मिळतो. त्याच्या अंगावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खालची बारीक सारणी वाचा : १२ व्होल्टच्या रांगेत १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे जवळजवळ सगळा भार, या बारा व्होल्टवरच असतो. कार्डाविना आपलं उदाहरणाचं मशीन १९२ वॉटवरही चालेल, म्हणूनच कुणी तक्रार करत नाही. वर्षभराने मुलगा सेकंडहँड कार्ड आणतो. बोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, आठ पिनांच्या वायरीतून १५० घ्यायचे असतात. ती वायर या एसएमपीएसला नसते, मग पाच रुपयांचा कन्व्हर्टर येतो. कन्व्हर्टर बसतो. गेम सुरू झाला की मशीन रिस्टार्ट होतं आणि दोष विंडोजला दिला जातो. ८० प्लस ब्रॉन्झचा ४५० किंवा ५५० वॉटचा वेगळा एसएमपीएस पहिल्याच दिवशी घ्या. पैसे कमी पडले तर रंगीत दिव्यांचं कॅबिनेट सोडा.

कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, अशीही तक्रार येते. तिथे भाग बदलून उपयोग नाही. एसएमपीएसमधला फिल्टर थोडी वीज पत्र्यावर सोडतो. ती जमिनीत जायला अर्थिंग लागतं, आणि जुन्या चाळींत तिसऱ्या भोकामागे बऱ्याचदा वायरच नसते. वायरमनला बोलवा.

एसएसडी घेताना एकच पाहा. एम.२ची पट्टी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही, आणि साटाची पट्टी फक्त एनव्हीएमई ओळखणाऱ्या स्लॉटमध्येही बसते. बसते, दिसत नाही. शिवाय अनेक बोर्डांवर एम.२ भरला की साटाचा एखादा पोर्ट बंद पडतो. जुनी हार्डडिस्क ‘मेली’ असं समजून फेकण्याआधी तिची केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

दुकानात गेल्यावर बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस एवढंच काउंटरवर जोडून बायोस उघडून दाखवायला सांगा. प्रोसेसरचं नाव बरोबर आहे का, दोन्ही स्टिक दिसतात का, ते पाहा. ३२००ची रॅम २४०० दाखवत असेल तर ती खोटी नाही, बायोसमधलं एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग, चालू करायचं राहिलंय. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या, कॅबिनेटचा नसला तरी चालेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शनिवारी संध्याकाळी एवढं करून द्यायला कुणालाच वेळ नसतो. मंगळवारी-बुधवारी सकाळी, दुकानं उघडल्या उघडल्या जा.