जुनी बस, दहा बाइक आणि आरटीओ

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. पैठण रोडवरच्या चितेगावहून एका श्रोत्यानं विचारलंय, "दादा, कामगारांची ने-आण करणारी एक जुनी कंपनी-बस विकायला आहे. आम्ही चौघं मित्र मिळून घेतोय. सीट काढायच्या, मागून दार पाडायचं, रायडर लोकांच्या बाइक लडाखला, रेसला पोचवायच्या. कसं करू?"

कल्पना भारी आहे. चितेगावचं नाव व्हिडिओकॉनमुळे महाराष्ट्रभर गेलं, तिकडे वाळूजला 1985 पासून बजाजचा कारखाना. त्यामुळे वेल्डर, फिटर, पत्र्याचं काम करणारा हात तुमच्या गल्लीतच सापडेल. प्रश्न कारागिराचा नाहीच.

आणि हे आधी झालेलंही आहे बरं का. 2020 च्या लॉकडाउनमध्ये आपल्या एसटीनं जुन्या प्रवासी बस मालवाहू केल्या. महाकार्गो नाव ऐकलं असेल. सीट निघाल्या, माल चढला. पण ते सरकारी महामंडळ, पाठीशी शासनाची मंजुरी आणि चिकलठाण्यासारखी स्वतःची मध्यवर्ती कार्यशाळा. तुमच्याकडे यातलं काय आहे? म्हणून आधी कागद.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, त्यात परस्पर बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. बेकायदा बदल केला, तर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. दंडाचं सोडा हो. उद्या घाटात गाडी पलटली आणि आरसीवर ‘बस’, आत मात्र लोकांच्या दहा बुलेट, तर विमा कंपनी क्लेम देईल असं धरून चालू नका. त्या बाइकची भरपाई चौघांच्या खिशातून.

म्हणजे ग्राइंडर चालवायच्या आधी आरटीओत जा. ही बस मालवाहू म्हणून नोंदवता येईल का, हे लेखी विचारा. नकार आला तर बस घेऊ नका. आधीच मालवाहू नोंद असलेला जुना ट्रक घ्या, ऐटीत थोडा कमी पडेल, चालेल. एसटीच्या भंगार लिलावावर डोळा असेल तर तोही विसरा. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षं उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते, त्या रस्त्यावर परत येत नाहीत.

आता परवानगी मिळाली असं धरू. वजनाचं गणित गमतीशीर आहे. 44 सीटची बस, माणशी 65 किलो धरले तर झाले 2,860 किलो. बुलेट 350 साधारण 195 किलोची, दहा म्हणजे 1,950. बस हसत ओढेल, असं वाटतं ना? पण माणसं सगळ्या बसभर पसरून बसतात. तुम्ही मागून चढवणार आणि आळसानं मागेच रचणार. बसची शेपटी मागच्या चाकांच्या बरीच पुढं बाहेर निघालेली असते. तिथं भार पडला की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग ऐकेनासं होतं. जड बाइक दोन्ही एक्सलच्या मधे घ्या.

दुसरी गोष्ट, बसची बॉडी पिंजऱ्यासारखी असते, खांब आणि छत एकमेकांना धरून. मागचे खांब कापून दार केलं की पिंजरा ढिला. दाराभोवती जाड चौकट बसवल्याशिवाय कापायचं नाही, आणि तिचं डिझाइन गॅरेजवाल्याच्या अंदाजावर सोडायचं नाही. तळ जमिनीपासून साडेतीन फूट वर असेल, तर दहा फुटी रॅम्पही वीस अंशांचा चढ देतो. पावसात तिथं एकट्यानं बुलेट ढकलून दाखवा! रॅम्प लांब करा, वर जाळीचा पत्रा लावा.

बांधताना साइड स्टँडवर भरवसा नको. पुढचं चाक चॉकमध्ये, चार रॅचेट बेल्ट, पुढचे बेल्ट हँडलच्या मुठींना नाही तर फोर्कच्या क्लॅम्पला, शॉकअप थोडे दबेपर्यंत. हूक फ्लोअरच्या प्लायला नको, खालच्या चॅसिसच्या क्रॉसमेंबरला. आणि टाक्या रिकाम्या. रेल्वेच्या पार्सलला बाइक देताना पेट्रोल काढायला लावतात ते उगाच नाही. बंद डब्यात वाफ साठते.

तर चितेगावकर, आरटीओनं काय उत्तर दिलं ते व्हॉइस मेसेजवर कळवा. पुढच्या भागात ऐकवतो सगळ्यांना.