हंगामाबाहेरचे फळ आणि माळ्याचे स्वातंत्र्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



हिमालयीन शेतीविषयीच्या ठरावाचा मसुदा आज संध्याकाळी आपल्यासमोर यावयाचा आहे. लडाखसारख्या प्रदेशात थंडीच्या दिवसांत फळे-भाज्या पिकविण्यासाठी शासनाने शेतकऱ्याला 'मान्य आराखड्याची' हरितगृहे द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. सकाळीच एका साथीने मला विचारले की, भाकरीचा प्रश्न सुटलेला नसताना बर्फात फळे पिकविण्याची उठाठेव आपण कशाला करावी? प्रश्न रास्त आहे. पण मला मसुद्यातील भाकरी वा फळ खटकत नाही; मला खटकतो तो 'मान्य' हा शब्द. का, ते सांगण्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

फळ कोणत्या महिन्यात यावे हे ठरविण्याची विद्या आपल्याला अपरिचित नाही. आपला डाळिंबवाला पाणी तोडून झाडाला ताण देतो, आणि मग मृग, हस्त किंवा आंबे बहार धरतो. आपल्याकडे हा लगाम पाण्याच्या हाती आहे. थंड देशांत तो उष्णतेच्या हाती असतो, आणि उष्णतेला किंमत पडते. म्हणूनच तिकडे हंगामाबाहेरचे फळ हा प्रथमपासूनच वर्गाचा प्रश्न होऊन बसला. चौदाव्या लुईसाठी व्हर्सायला १६७८ ते १६८३ या काळात दलदल बुजवून जो मळा उभारला गेला, त्याचा प्रमुख ला कँतिनी हा मूळचा कायद्याचा अभ्यासक. तबेल्यातील ताज्या लिदीची ऊब, काचेच्या घंटा आणि उंच भिंती यांच्या बळावर त्याने राजाच्या ताटात मार्चअखेर स्ट्रॉबेरी आणि जूनमध्ये अंजीर वाढले. प्रजेला त्यातले काय मिळाले, हे सांगावयास नको.

परंतु भिंत ही काही राजाची मिरास नव्हे. पॅरिसजवळच्या माँत्रईच्या शेतकऱ्यांनी शेकडो किलोमीटर लांबीच्या भिंती उभारल्या आणि त्यांना जिप्समचा गिलावा दिला. दिवसा ऊन प्यायचे आणि रात्री ऊब सोडायची, हे त्या भिंतींचे काम. पीचच्या फांद्या कापडाच्या चिंध्यांनी खिळ्यांना बांधून भिंतीवर पंख्यासारख्या पसरीत. ही चिंध्यांची युक्ती कोणा अकादमीत जन्मली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने दक्षिणेचे स्वस्त पीच पॅरिसला आणले आणि या भिंतींचे दिवस फिरले.

आता रशियाकडे वळू. आपल्या चळवळीने शिकण्यासारखे जे आहे, आणि लाज वाटण्यासारखेही, ते तेथेच आहे. कोझ्लोव्हचा इव्हान मिचुरिन हा रेल्वेतला कारकून. घड्याळे दुरुस्त करून तो चार पैसे मिळवी आणि ते झाडांवर घाली. १८७५ मध्ये त्याने प्रयोगांना आरंभ केला. दक्षिणेच्या नाजूक जातींची कलमे काटक खुंटावर बांधली की त्यांना थंडी सोसण्याची सवय होईल, अशी त्याची प्रारंभीची समजूत होती. या समजुतीपायी त्याची कित्येक वर्षे गेली. कडक हिवाळे आले आणि झाडे मेली. तेव्हा ती वाट चुकीची होती हे त्याने मान्य केले आणि तो दूरदूरच्या जातींच्या संकराकडे वळला. त्सारच्या सरकारकडून त्याच्या कामाला भरीव साहाय्य मिळाले नाही. क्रांतीनंतर त्याची रोपवाटिका सरकारी झाली, जमीन आली, माणसे आली. हे श्रेय क्रांतीला दिलेच पाहिजे.

मिचुरिनने झाडाला थंडीसाठी तयार केले. दुसरी वाट झाडाला थंडीपासून लपविण्याची. सोव्हिएत बागाईतदारांनी लिंबाची ठेंगणी झाडे एक-दोन मीटर खोल चरांत लावली. त्या खोलीवर जमीन वरच्यासारखी गारठत नाही. हिवाळा आला की चरावर फळ्या आणि गवताच्या चटया टाकावयाच्या. शून्याच्या किंचित वरच्या तापमानात झाड जवळजवळ झोपी जाते, त्यामुळे त्या अंधारातही ते तगते. सैबेरियात सफरचंदाची झाडे जमिनीसरपट वाढवून हिमाखालीच ठेवीत. हिम हीच त्यांची गोधडी. यात कोळसा जळत नाही. जेथे ऋतूच फळाला नकार देतो, तेथे फावडे आणि गवत यांनी त्याच्याशी केलेली ही तडजोड आहे, आणि मला ती राजाच्या स्ट्रॉबेरीपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

पण मिचुरिन १९३५ मध्ये वारला आणि त्याच्या नावाची पोथी झाली. लायसेंकोने 'मिचुरिनवादी जीवशास्त्र' असा झेंडा उभारून आनुवंशशास्त्राला बूर्झ्वा ठरविले. ज्या वाव्हिलॉव्हने मिचुरिनच्या कामाकडे नव्या राजवटीचे लक्ष वेधले होते, त्याला १९४० मध्ये अटक झाली, आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातॉव्हच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये तर कृषी अकादमीच्या अधिवेशनाने हे शास्त्रच हद्दपार केले. ही गोष्ट शत्रूचा अपप्रचार म्हणून आपल्यातील काहींनी दीर्घकाळ झटकून टाकली, हे येथे स्वच्छपणे म्हटले पाहिजे. थंडीने मेलेले झाड पाहून 'माझे चुकले' म्हणण्याची मुभा मिचुरिनला होती. त्याच्या नावाने चाललेल्या राज्यात अशी कबुली देणाऱ्याच्या नोकरीवर, प्रसंगी जिवावर बेतू शकत होते. जमीन, पैसा, प्रतिष्ठा हे सगळे होते. अपयश कळविण्याचा हक्क तेवढा नव्हता.

आता लडाख. तेथे जमिनीत चर खणून त्यावर प्लास्टिकचा कागद ताणतात. दुसऱ्या प्रकारात कच्च्या विटांची जाड भिंत बांधून तिला आतून काळा रंग देतात आणि दक्षिणेकडून ऊन आत घेतात. म्हणजे रशियातला चर आणि माँत्रईची भिंत दोन्ही तेथे आहेत. बाहेर तापमान शून्याखाली वीस अंशांवर असताना आत पालेभाजी उभी असते. भाजीच्या पलीकडे जाऊन तेथे वसंताआधी फळ घेता येईल काय? एखाद्या गावातील बाईने भिंतीलगत द्राक्षाचा वेल लावून पाहिला आणि तो मेला, तर अनुदान बुडेल या भीतीने तिने ते लपवावे काय? मसुद्यातील 'मान्य आराखडा' या शब्दांमुळे नेमके तेच घडेल. चराची खोली, भिंतीची जाडी, पीक, सारे कचेरीत ठरेल आणि तपासनीस फूटपट्टी घेऊन येईल.

माझ्या दोन दुरुस्त्या आहेत. 'मान्य आराखड्याची हरितगृहे' याऐवजी 'हरितगृहासाठी साहित्य व बिनव्याजी कर्ज' असे शब्द घालावेत. आणि एक कलम वाढवावे: प्रयोग फसला तरी, त्याची हकीकत गावसभेत सांगणाऱ्या शेतकऱ्याला पुढील वर्षीचे साहित्य प्रथम मिळावे. दुसऱ्या दुरुस्तीला खर्चाच्या कारणाने विरोध होईल, याची मला कल्पना आहे. विरोधकांनी आकडे घेऊनच यावे. मीही संध्याकाळी माझे घेऊन येतो.