स्थळ पाहून आलात का?

चॅटजीपीटी म्हणजे काय, हे आता शाळकरी मुलालाही सांगावं लागत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही.

लग्न जुळवणारा मध्यस्थ आठवा. स्थळाच्या गावी तो कधी गेलेला नाही. पण घर पाच खोल्यांचं, दारात हापूस, सासू प्रेमळ, सगळं बिनदिक्कत सांगतो. फसवायचा हेतू नसतो त्याचा. चांगल्या स्थळाबद्दल जे बोललं जातं, ते तो बोलतो. हे यंत्रही पुढे कोणता शब्द शोभेल एवढंच पाहतं. लेखकाचं नाव, साल, पान, सगळं शोभणारं. खरं असेलच असं नाही.

न्यूयॉर्कच्या कोर्टात २०२३ साली वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले असेच निवाडे सादर केले. विमान कंपनीविरुद्धचा खटला होता. निवाडे मुळात झालेच नव्हते! वकिलानं यंत्रालाच विचारलं होतं, हे खरे ना? ते म्हणालं, खरे. अहो, स्थळ कसं आहे हे मध्यस्थालाच काय विचारता? ५,००० डॉलर दंड झाला.

वैद्यकात अशी चूक रुग्णाला भोवते. ते उघडच आहे. मला काळजी इतिहासाची. पेशवे दफ्तरातला मोडी कागद कोण उघडून पाहतो? यंत्रानं एखादं पत्र तारखेसकट रचलं, ते प्रबंधात आलं, प्रबंधातून पुस्तकात गेलं, की शंभर वर्षं हलायचं नाही. इतिहाससंशोधक राजवाडे कागदांसाठी गावोगाव फिरले. आपण निदान पुण्यातल्या दफ्तरापर्यंत तरी जावं! संदर्भ दिलात तर तो डोळ्यांनी पाहिलेला हवा.

आणि प्राध्यापक मंडळी, विद्यार्थ्यांनी यंत्राकडून लिहून घेतलेलं पकडायला दुसरं यंत्र आणू नका. तेही मध्यस्थच. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध २०२३ च्या एका अभ्यासात अशा यंत्रांना दिले, तर निम्म्याहून अधिक त्यांनी यंत्रलिखित ठरवले. आपली मुलं इंग्रजी तशीच लिहितात, जपून, ठरावीक शब्दांत. त्यांच्यावर चोरीचा आळ...



त्यापेक्षा तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याच्या संदर्भयादीतलं कुठलंही एक पुस्तक निवडा आणि म्हणा, हे उद्या घेऊन ये.